आळीतील सौदा

रोह्याला आप्तांकडे गेलो असता, परतताना पेणला उतरण्याचे आम्ही ठरविले. आमच्या शेजारच्या आजींना घरच्या गणेशोत्सवासाठी शाडूचीच मूर्ती हवी होती आणि त्यांनी ते काम विश्वासाने आमच्यावर सोपविले होते.

पेणच्या कासारआळीत, कुंभारआळीत घडलेल्या मूर्ती परदेशीही जातात. अशा नावलौकिकाच्या आडोशाला लबाडीही दुकान मांडते. हमरस्त्यावरील एका दुकानदाराने आपली मूर्ती शाडूची असल्याचे छातीठोकपणे सांगितले. आम्ही ती उचलली, तर आकाराच्या मानाने फारच हलकी! शाडूची मूर्ती जड असते, रंग नसेल तेथे करडी दिसते. हिच्या तळाशी मात्र प्लास्टरचा पांढरेपणा उघडा पडला होता. आम्ही निमूटपणे बाहेर पडलो.

आळीतील एका कारखान्यात एक वृद्ध कारागीर डोळ्यांची आखणी करीत होते. न विचारताच त्यांनी मूर्तीचा तळ दाखविला. तरीही, नुकतेच फसता फसता वाचलेले आम्ही हिरिरीने घासाघीस करू लागलो. वाद न घालता त्यांनी दोनशे रुपये उतरविले आणि पुन्हा कुंचला उचलला. श्वास रोखून ते एकच रेघ ओढीत होते. ती पाहताना आम्हांला आमचीच लाज वाटली. लबाडावरचा राग आम्ही प्रामाणिक माणसावर काढला होता.

आम्ही मूळ किंमत त्यांच्यापुढे ठेवली. मूर्तीभोवती पेंढा भरीत ते एवढेच म्हणाले, “गाडीत मांडीवरच घ्या हो.”

आम्ही ती आळीपाळीने मांडीवर घेऊन घरी आणली.