वेगवान गाडी आणि आपला साखरप्याचा रस्ता

प्रिय मनू,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. आईबाबांसाठी पुढच्या वर्षी कायमची रत्नागिरीला येतेस, हे वाचून मला काय वाटलं ते भेटल्यावरच सांगेन. आज फक्त तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. स्टुटगार्टात इतकी वर्षं पोर्शच्या कारखान्याजवळून ये-जा केलीस, तिथली माणसं ९११ घेऊन ऑफिसला जातात, येताना भाजी आणतात हे रोज बघितलंस, आणि आता विचारतेस की आपल्याकडे अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येईल का. घरच्यांनी तुला वेड्यात काढलं म्हणतेस. अगं, प्रश्न अजिबात वेडा नाही.

वापरता येते. मी वापरते. माझ्या नोकरीची शाखा साखरप्याला आहे हे तुला ठाऊकच आहे. नाचण्याहून निघायचं, कुवारबाव, हातखंबा, पाली, मग कोल्हापूरच्या रस्त्याला लागून नाणीज, दाभोळे, साखरपा. एका बाजूने जवळपास पन्नास किलोमीटर. आणि ही ये-जा मी ज्या गाडीने करते ती दिसायला साधी छोटी हॅचबॅक आहे, पण तिच्या नाकावर विंचू आहे: फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ची, पुण्याहून जुनी घेतलेली.

ही गाडी महाराष्ट्रातली आहे म्हणून मला तिच्याबद्दल जरा जास्तच माया आहे. कार्लो अबार्थ मूळचा व्हिएन्नाचा. १९४९मध्ये त्याने इटलीत कंपनी काढली आणि लहान फियाट गाड्यांना शर्यतीच्या करून दाखवलं. त्याची रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये पुंटोची अबार्थ आपल्याकडे आली ती पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शून्यापासून शंभरपर्यंत ८.८ सेकंद, आणि किंमत दिल्लीच्या शोरूमला दहा लाखांच्या आत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाटमध्ये, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत, बसून मोठी झालेली आपली पिढी. त्याच फियाटने इथल्या मध्यमवर्गाला परवडेल अशी खरी वेगवान गाडी दिली आणि फारच थोड्यांनी ती घेतली, याचं मला अजून वाईट वाटतं.

तू म्हणशील, ही काही ९११ नव्हे. नाहीच. पण रोजच्या वापराचा प्रश्न दोघींना सारखाच लागू होतो, आणि तो वेगाचा नाहीच. जगातल्या ज्या वेगवान गाड्या माणसांनी खरोखर रोज चालवल्या, त्यांच्याकडे बघ. ९११ला पहिल्यापासून मागे दोन छोट्या सीट आहेत. होंडाने १९९०मध्ये एनएसएक्स आणली तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याइतकंच लक्ष चालकाला चहूकडचं नीट दिसेल याकडे दिलं. मॅक्लारेन एफ-वन घडवणारा गॉर्डन मरी स्वतः ही एनएसएक्स वर्षानुवर्षं चालवत होता आणि आपल्या गाडीसाठी तोच मापदंड धरत होता. समोरचं दिसणं, पाय सहज ठेवता येणं, गर्दीत क्लच जड न वाटणं यावर रोजची गाडी ठरते. आणि रत्नागिरीत त्याच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची.

आपल्या गतिरोधकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझा निर्णय तिथेच होणार आहे. भारतीय रस्ते काँग्रेसचं १९८८चं मानक आहे: गतिरोधक मधोमध १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि सावकाश चढत-उतरत जाणारा असावा, म्हणजे ताशी २५च्या वेगाने गाडी आरामात पार होते. माझी गाडी जमिनीपासून १५५ मिलिमीटर उंच. असा गतिरोधक तिला कधीच लागत नाही. पण गावागावांत शाळेसमोर, देवळासमोर लोकांनी अपघातांना कंटाळून रातोरात टाकलेले अरुंद उंचवटे असतात, त्यांना ना पांढरा पट्टा ना पाटी. त्यांच्या रागाचं कारण मला पटतं, तिथे खरोखर मुलं दगावली आहेत. तरी तो उंचवटा गाडीच्या बुडाला लागतोच. एकटी असताना तिरकी घेऊन निघून जाते. मागे आई आणि दोघी मावश्या बसल्या की गाडी तेवढी खाली दबते आणि मग तिरकी घेऊनही खरडल्याचा आवाज येतो. चौपदरीकरणाच्या डायव्हर्जनवर डांबर संपून खडी सुरू होते तिथेही हेच. मुंबई-गोवा महामार्गाचं हे काम २०११ला सुरू झालं. तू गेलीस तेव्हाही चालू होतं, येशील तेव्हा काही ठिकाणी चालू असेलच.

डीसी कंपनीने अवंती काढली होती ना, दिल्लीच्या २०१२च्या वाहनप्रदर्शनात दाखवलेली, सीटच्या मागे रेनोचं टर्बो इंजिन असलेली? तिची उंची त्यांनी १७० मिलिमीटर ठेवली होती. दिसायला इतकी बसकी गाडी, पण बनवणाऱ्याला आपले रस्ते माहीत होते. गोव्यातली दोन सीटची सॅन स्टॉर्मही तशीच शहाणी. तिचं अंग फायबरग्लासचं, म्हणजे खाऱ्या हवेत पत्रा गंजायचा प्रश्नच नाही. या गाड्या चालल्या नाहीत, पण कोकणात रोज वापरायच्या स्पोर्ट्‌स कारचा विचार करताना मला आधी त्याच आठवतात.

आता ताकद कशाला हवी ते सांगते, कारण बाबा तुला तेच विचारणार. पालीच्या पुढे रस्ता जिथे अजून दुपदरी आहे तिथे चिऱ्याने भरलेला ट्रक चढावर रांगत असतो, मागे आम्ही सगळे. एप्रिल-मेमध्ये त्यात आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो. साध्या गाडीने ओव्हरटेक करायचं तर समोरच्या लेनमध्ये किती वेळ काढावा लागतो! माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजारच्या वर फिरत असलं की टर्बो भरतो आणि ती ट्रकच्या पुढे जाऊन लगेच आपल्या लेनमध्ये परत येते. चुकीच्या बाजूला कमी वेळ असणं ही मला या गाडीने दिलेली सगळ्यात मोठी सुरक्षितता. ब्रेकही तसेच. नाणीजच्या वळणावर म्हैस मधोमध उभी असते तेव्हा किती अश्वशक्ती आहे हे कुणी विचारत नाही, गाडी किती अंतरात थांबते तेवढंच खरं. वेग साठवरून शंभरवर नेला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर पावणेतीनपटीच्या वर जातं. चौपदरी महामार्गावर कारला २०१८पासून ताशी शंभरची मुभा आहे, पण हातखंब्याच्या उतारावर गॅसचे टँकर उलटल्याच्या बातम्या वाचल्यापासून मी तिथे पन्नासच्या वर जात नाही, आणि तूही जाऊ नकोस. शाखेतल्या नव्या मुलांना वाटतं मी रोज उडत येते. त्यांच्या स्विफ्ट माझ्या आधी पोचतात.

पाऊस. तुझ्या तिकडच्या बर्फापेक्षा मला आपला आषाढ अवघड वाटतो. मृगाची पहिली सर पडते तेव्हा उन्हाळाभर मुरलेलं तेल रस्त्यावर तरंगतं, त्यात मिरकरवाड्याहून निघालेल्या मासळीच्या गाड्यांचं पाणी सांडलेलं असतं. ताकद पुढच्या चाकांना, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जोरात पडला की चाकं जागीच फिरतात. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटरवर झिजेची खूण असते, तिथवर थांबायचंच नाही. मी मेअखेरीला टायर बघून घेते आणि खाच तीन मिलिमीटरच्या खाली आली असेल तर बदलते. कुठे पाणी भरलेलं दिसलं तर गाडी घालत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात किती गाड्या बुडाल्या ते तू फोटोंत बघितलंसच. तेव्हा पुष्कळांना दुसऱ्या दिवशी कळलं की इंजिनात पाणी गेल्यावर किल्ली फिरवली तर नुकसान दुप्पट होतं आणि साध्या विम्यात ते बसत नाही. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. ते घे, कितीही महाग वाटलं तरी घे.

आणि आता माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं. महागडी गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची, रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला न्यायची, ही कल्पना आपल्या हवेत चुकीची आहे. कोकणात गाडी चालवून खराब होते त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते. पावसाळ्यात दोन दिवस उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा तांबूस थर येतो. आठवड्यात सीटवर बुरशी. श्रावणापर्यंत उंदरांनी बॉनेटखालच्या वायरी शोधलेल्या असतात. आता पंपावर जवळपास सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. २०२३पासूनच्या गाड्यांचे रबरी भाग त्याला टिकतील असे बनवतात, माझी त्याआधीची. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. इथेनॉलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा एकतृतीयांशाने कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरलंय. महामार्गावर समाधानकारक मिळतं, मारुती मंदिर ते जयस्तंभ अशा गर्दीत बघवत नाही.

रोज म्हणजे मात्र पुरेसं लांब रोज. बाबांच्या औषधांसाठी साळवी स्टॉपपर्यंत जाऊन परत येण्यात टर्बोच्या गाडीचं तेल नीट तापतही नाही, आणि तेल न तापता पुन्हा पुन्हा बंद केलेलं इंजिन आतून झिजतं. त्या कामाला स्कूटर. माझा साखरप्याचा पल्ला गाडीला अगदी मानवतो. घरी आल्यावर मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवून मगच बंद करते. मांडवीच्या किनाऱ्याला नेली तर परतल्यावर खालून गोड्या पाण्याने धुते. आमच्या मेस्त्रींनी तळाला गंजरोधक थर दिलाय, तो दर उन्हाळ्याच्या शेवटी तपासतात.

सुट्या भागांचं दुखणं आहे, लपवत नाही. बीएस-६चे नियम २०२०मध्ये लागले त्याआधीच फियाटच्या गाड्या आपल्या बाजारातून गेल्या. रांजणगावला आता जीप बनतात. एकदा सस्पेन्शनचा एक भाग पुण्याहून येईपर्यंत गाडी तीन आठवडे उभी होती आणि मी एसटीने जात होते. पोर्शचं हे दुखणं कितीतरी महाग असेल. सर्व्हिसला मुंबई, म्हणजे बिघाड झाला की सव्वातीनशे किलोमीटर ट्रकवर घालून न्यायची. त्यात आयात शुल्क. सचिन तेंडुलकरला ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून फेरारी ३६० मोडेना मिळाली, आठवतं? नुसतं शुल्कच १.१३ कोटी होतं. त्याच्या माफीवरून एवढा वाद झाला की शेवटी ते फियाटने भरलं. तेव्हापासून दर बदललेत, पण परदेशी बनून येणारी गाडी अजूनही इथे जवळपास दुप्पट किमतीला पडते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ९११चा नाद इथे रोजच्यासाठी सोड. चाकणला बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी बघ: दीड लिटरचं टर्बो, १५० अश्वशक्ती, जमिनीपासून १७९ मिलिमीटर, आणि आईला मागे बसवून साखरप्यापर्यंत कुठे घासायची भीती नाही. विंचवाचाच मोह झाला तर जुन्या अबार्थ अजून मिळतात. गंज तपासून घ्यायला मी तुझ्याबरोबर पुण्याला येईन.

एकच विनंती. गाडी ठरवायला डिसेंबरात येऊ नकोस, तेव्हा आपला प्रत्येक रस्ता चांगला वाटतो. जुलैचं तिकीट काढ, सकाळी आठला माझ्या गाडीची किल्ली घे, पावसात साखरप्याला जाऊन ये, आणि मग ठरव.

तुझीच,
रत्नागिरीकर