त्यांनी ह्यांनाच विचारलं

ह्यांच्या अपघातानंतर सहा महिन्यांनी आलेल्या त्या फोनचा राग अजून गेलेला नाही. अपघात, शस्त्रक्रिया, आयसीयूबाहेरच्या रात्री हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. डोक्याला मार बसलेल्यांचं पुढे काय होतं याचा अभ्यास चालला होता; संमतीची सही माझी होती. फोन मात्र ह्यांनी घेतला.

‘दुकानात जाता?’ ‘जातो की.’ ‘खरेदी एकटे करता?’ ‘करतो.’ ‘चिडचिड?’ ‘छे, अजिबात नाही.’ झालं. शेजारी उभ्या असलेल्या मला कुणी काही विचारलंच नाही.

हे दुकानात जातात, पण गल्ल्यावर धाकटे दीर बसतात. ह्यांचा हिशेब मध्येच तुटतो. पिशवीत मेथी असताना पुन्हा मेथीच घेतात. वास गेलाय, दूध करपलं तरी कळत नाही. लेक मोठ्याने वाचायला लागली की अंगावर ओरडतात. पूर्वी ह्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. आणि फोनवर हे खोटं बोलत नव्हते. कपाळामागच्या मेंदूला इजा झाली की स्वतःतला बदल माणसाला स्वतःलाच दिसेनासा होऊ शकतो. मग त्याच्या एकट्याच्या उत्तरावर विसंबायचं कसं?

फोनवरचे ते प्रश्न ज्या मोजपट्टीसाठी विचारतात ती ग्लासगोच्या जेनेट आणि बाँड यांची, १९७५ सालची. मृत्यूपासून चांगल्या सुधारणेपर्यंत पाच पायऱ्या, पुढे आठ झाल्या. १९९८ मध्ये तिच्यासाठी ठरावीक प्रश्न बांधून दिले गेले. स्वभाव बदलल्याने घरात खटके उडतात का, अधूनमधून, आठवड्याला की रोज, हेही त्यात आहे. ते घरच्यांनाच विचारायला हवं.

पुन्हा असा फोन घ्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मग ‘क्रॅश’ चाचणीबद्दल वाचलं. अशा रुग्णांना वर्षानुवर्षं स्टेरॉइड देत. १०,००८ जणांवरच्या त्या चाचणीचे आकडे २००४ मध्ये आले: स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९. अनोळखी रुग्णांची माहिती नोंदली गेली, म्हणून ह्यांच्या वेळी ते औषध टळलं.

वर्षाने फोन आला तेव्हा मीच उचलला. ह्यांच्यासमोर सगळं सांगितलं, ‘रोज’ हेसुद्धा. ‘परक्यांपुढे माझी अब्रू घालवलीस,’ म्हणाले आणि न जेवता झोपले. घरच्यांना जरूर विचारा, पण रुग्ण समोर नसताना विचारा.