गाडीचे अभ्यंग

मोटरसायकलीचे ऑइल बदलायला किती पैसे पडतात, हा प्रश्न फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचण्याजोगा नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाळी अंकात वाचकाला चांदणे हवे असते. निदान एखादी हळवी आठवण तरी हवी असते. पण दिवाळी हा मुळात तेलाचाच सण नव्हे काय? नरकचतुर्दशीला आपण अंगाला तेल चोळतो, पणतीत तेल ओततो, आणि कढईत किती ओततो ते वाणीच जाणे. मग वर्षभर आपल्याला पाठीवर वाहून नेणाऱ्या मुक्या प्राण्याच्या पोटातील तेलाचा विचार याच दिवसांत केला तर बिघडले कोठे? दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो, नारळ फोडतो. मात्र तिच्या पोटाखाली तेल सोडण्याचा बोल्ट कोठे असतो, असे कोणी विचारले तर बहुतेक भक्त निरुत्तर होतील.

वर्ध्याहून माझी शाळा बावीस किलोमीटर. जाऊन-येऊन चव्वेचाळीस. सुट्ट्या वजा जाता वर्षाकाठी दहा हजार किलोमीटर होतात. वॉरंटी होती तोवर मी निमूटपणे शोरूममध्ये जात होतो. तेथे गार हवेची खोली आहे, चहा मिळतो, भिंतीवरच्या दूरदर्शन संचात कोणी तरी सदैव भांडत असते. दीड-दोन तासांनी नाव पुकारतात आणि बिल हाती येते. त्यांपैकी एक बिल मी अजून जपून ठेवले आहे. ऑइल ४०० रुपये, सर्व्हिसिंगची मजुरी ३५०, धुणे-पुसणे १००, चेनवर मारलेला फवारा १२०, 'किरकोळ साहित्य' ४५, आणि मजुरी व धुण्यावर अठरा टक्के कर ८१. एकूण १,०९६ रुपये. किरकोळ साहित्य म्हणजे काय, असे मी विचारले. काउंटरवरची मुलगी गोड हसली. त्या हसण्याचे पैसे मात्र लावलेले नव्हते.

घरी हेच काम केले तर ऑइलचे ४०० आणि बोल्टखालच्या वायसरचे १५, म्हणजे ४१५. पान्हा एकदाच घ्यावा लागतो. नरसाळे पाण्याच्या बाटलीचा गळा कापून होते. म्हणजे प्रत्येक खेपेला ६८१ रुपये वाचले! हा हिशेब मी सौभाग्यवतींपुढे मोठ्या तोऱ्यात मांडला. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "अहो, ते लोक ब्रेक आवळतात, चेन ताणतात, गाडी धुतात. ते तुम्ही करणार का? आणि तेलकट झालेला शर्ट कोण धुणार?" न्यायाची गोष्ट अशी की, नुसत्या ऑइलची तुलना पूर्ण सर्व्हिसिंगशी करणे म्हणजे पुरणपोळीच्या भावाशी साध्या पोळीचा भाव ताडून पाहणे. मी तो आकडा खोडला. शर्टाचे कलम मात्र हिशेबाबाहेर ठेवले.

खरी बचत मला पान्ह्यात सापडलीच नाही. ती सापडली पुस्तकात. गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. गाडीच्या कागदपत्रांसोबत ती कपाटात जाते आणि तेथेच तिला समाधी मिळते. एका रविवारी मी ती उघडून बसलो. शोरूमवाल्यांनी माझ्या गाडीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत पुढील ऑइल अडीच हजार किलोमीटरनंतर बदलण्याचे फर्मान होते. पुस्तिकेत लिहिले होते सहा हजार! धुळीच्या रस्त्यांवर याहून लवकर बदलावे, अशी पुस्ती खाली जोडलेली होती. आमच्या भागात कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरांमागून गाडी चालवणाऱ्याला धूळ म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून मी मध्यम मार्ग काढून चार हजार धरतो. तरी चिठ्ठीप्रमाणे वर्षाला चार वेळा आणि माझ्याप्रमाणे अडीच वेळा, हा फरक राहतोच. हातांना काळे न लागता, केवळ चार पाने वाचून, जवळजवळ दीड सर्व्हिसिंगचे पैसे वाचले. मी आयुष्यभर मुलांना "वाचा रे, वाचा" म्हणत आलो. वाचनाचा इतका रोकडा लाभ त्यांना दाखवण्याची संधी मात्र मला प्रथमच मिळाली.

त्याच पुस्तिकेने एक अडाणी समजूतही दूर केली. मोटारीचे ऑइल स्वस्तात मिळाले म्हणून ते मोटरसायकलीत ओतू नये. मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लचच्या चकत्या एकाच तेलात न्हातात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती या चकत्यांना घसरवतात. म्हणून डब्यावर १०डब्ल्यू-३० असे जे पुस्तिकेत सांगितले असेल ते आणि 'जासो एमए' ही अक्षरे पाहून घ्यावीत. तसेच जुने तेल काळे दिसले म्हणून लगेच हाय खाऊ नये. काजळी आणि मळ स्वतःत धरून ठेवणे हेच त्याचे काम. जे तेल मळत नाही, ते काम तरी काय करीत असेल?

आता वर्ध्यात राहून तेल, यंत्र आणि स्वावलंबन यांवर लिहायचे आणि मगनवाडीपाशी थांबायचे नाही, हे कसे जमावे? १९३४ साली गांधीजींनी येथे ग्रामोद्योग संघ उभा केला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक. झवेरभाई पटेलांनी बैलाच्या तेलघाणीत सुधारणा केल्या आणि ती 'वर्धा घाणी' या नावाने देशभर गेली. लोक मगन संग्रहालय पाहायला येतात, चरख्यापुढे फोटो काढतात आणि जातात. मला मात्र दर वेळी आठवते ते १९२९ सालचे बक्षीस. चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपये जाहीर केले होते. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, यंत्र वीस वर्षे चालले पाहिजे, अशा अटी त्यात होत्या. पण खरी गांधीजींची म्हणावी अशी अट पुढेच आहे: यंत्राच्या देखभालीचा वार्षिक खर्च त्याच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये. यंत्र घेताना आपण त्याची किंमत विचारतो. त्याला दरसाल काय चारावे लागेल, हे विचारणारा ग्राहक विरळाच. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण ही अट मी माझ्या गाडीला लावून पाहिली. गाडी ऐंशी हजारांची, पाच टक्के म्हणजे चार हजार. चिठ्ठीबरहुकूम चार सर्व्हिसिंग म्हणजे ४,३८४, तेही टायर आणि ब्रेक सोडून. नापास!

माझ्या लहानपणी घरच्या बैलगाडीला आखाजवळ बांबूची नळी टांगलेली असे. तीत एरंडेलात भिजलेली चिंधी. वाटेत चाक कुरकुरले की बाबा उतरत, चाक सैल करून आखावर ती चिंधी फिरवत आणि पुन्हा जुवाजवळ येऊन बसत. (कॅस्ट्रॉल या विलायती तेलाचे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडले आहे, पण बाबांना ते कोणी सांगितले नाही.) सर्व्हिसिंगचा खर्च विचारला असता तर त्यांनी शेताच्या बांधावरच्या एरंडाकडे बोट दाखवले असते.

मला ऑइल बदलायला शिकवले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. दहावीनंतर त्याची शाळा सुटली. गणितात कच्चा, पण वर्गातला बंद पडलेला पंखा काठीने नव्हे, कान लावून दुरुस्त करणारा. शोरूमच्या काचेपलीकडे निळ्या कपड्यांत तो मला दिसला तेव्हा मी बाहेर येऊन त्याच्याशी बोललो. दिवसाला दहा गाड्या होतात, म्हणाला. पगार महिन्याला नऊ हजार. मास्तराचे डोके, हिशेब झालाच. माझ्या बिलातली मजुरी ३५०. दहा गाड्यांची ३,५००. म्हणजे तीन दिवसांच्या मजुरीत त्याचा महिना भागून वर काही उरते. जागेचे भाडे, यंत्रे, वीज, गार हवा, सारे मी जमेस धरतो. तरीही बिलावर 'मजुरी' हा शब्द वाचला की मला मजूर कोठे आहे, असे विचारावेसे वाटते. १९३७ साली याच गावात भरलेल्या परिषदेत हाताने काम करता करता शिकण्याचा विचार झाला, नई तालीम निघाली. हे आम्ही परीक्षेत पाच गुणांना विचारतो. हा मुलगा त्या प्रश्नात नापास झाला असावा.

पुढे त्याने नोकरी सोडली आणि एस.टी. थांब्याजवळ निंबाखाली स्वतःचे दुकान टाकले. एक कॉम्प्रेसर, एक पेटी, एक ड्रम. पहिल्यांदा मी तेथे खाली बसलो तेव्हा तो कासावीस झाला. "सर, तुमी कायले हात खराब करता?" पण मी हटलो नाही, तेव्हा शिकवू लागला. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करायचे, म्हणजे तेल पातळ होऊन सारे उतरते. गाडी सरळ उभी करायची. "आन् सर, थो बोल्ट पयले हातानं बसवाचा, मंग पान्ह्यानं उलसाक दाबाचा. जास्त जोर लावला त चुडी जाते." आमच्या शेजाऱ्यांनी जोर लावला होता. ॲल्युमिनियमचे आटे गेले आणि दोन वर्षांची बचत एका दिवसात खराद्याच्या घरी गेली.

राहता राहिले जळके तेल. घरी ऑइल बदलणारा हा रकाना नेहमी कोराच सोडतो. मोरीत ओतले की संपले! पण आमच्या नाल्यांचे पाणी कोठे जाते? शेवटी नदीलाच. धातूचा चुरा आणि काजळी घेऊन ते विहिरीत आले तर ६८१ रुपयांत ती विहीर कोणी उपसून देणार नाही. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेले तेल परत गोळा होऊन त्याची विल्हेवाट लागण्याची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही आली आहे. नियम चांगला आहे; पण रविवारी सकाळी माझ्या अंगणातल्या टोपल्यातले ते लिटरभर काळे तेल उचलायला कोणी कंपनीवाला येत नाही. शोरूममध्ये त्यासाठी ड्रम असतो. हा एक मुद्दा मी त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडतो.

ड्रम निंबाखालीही आहे. म्हणून आता घरी करायचे काम मी तेथे जाऊन करतो. इतरांकडून तो ऑइल बदलायचे पन्नास रुपये घेतो, माझ्याकडून घेत नाही. मी नोट पुढे केली की दोन्ही हात मागे नेतो. "तुमच्याजवळून पैसे घेतले त माय हानन मले." म्हणून मी शर्टाच्या बाह्या सारून त्याच्याच पान्ह्याने बोल्ट उघडतो आणि तो शेजारी बसून, मी त्याच्या वहीतली चूक शोधत असे तसा, माझ्या हातांकडे पाहत राहतो. जळके तेल मी ड्रममध्ये ओततो. घरून शेजाऱ्यांचेही डबे गोळा करून आणतो. ड्रम भरला की अधिकृतपणे जळके तेल घेणाऱ्याची गाडी येते, तो ते लिटरच्या भावाने देतो आणि या खेपेला काय भाव आला ते मला आवर्जून सांगतो.