तालुक्याच्या गावातले सवलतीचे दुकान

सवलतीचे सुपरमार्केट म्हणजे मालावर सूट देणारे दुकान नव्हे. सूट कुणीही देतो; दिवाळी तोंडावर आली की मोंढ्यातला प्रत्येक व्यापारी देतोच. सवलतीच्या दुकानात किमती कमी असतात, कारण ते चालवण्याचा खर्चच कमी असतो. भाडे थोडे, माल मोजका, नोकर कमी आणि माल पडून राहण्याचे दिवस त्याहून कमी, अशी त्याची बांधणी असते. जर्मनीतल्या एसेन शहरात कार्ल आणि थिओ अल्ब्रेक्ट या भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आईचे छोटे दुकान हाती घेतले आणि हे गणित बसवले. त्यातून ‘आल्डी’ उभी राहिली. एरवीच्या मोठ्या सुपरमार्केटात वीस-तीस हजार प्रकारचा माल असतो, आल्डी दीड-दोन हजारांवर भागवते. भारतात राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईच्या पवईत ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान काढले. जागा शक्यतो विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे काही दिवसांतच चुकते करून त्या बदल्यात भाव उतरवून घ्यायचा आणि शंभराच्या विक्रीत पंधराच्या आसपास ढोबळ नफ्यावर संसार करायचा, ही तिथली रीत. आल्डी काय किंवा डी-मार्ट काय, दोन्हीकडे स्वस्ताईचे मूळ खरेदीत आणि जागेत आहे.

ही रीत नांदेड किंवा लातूर शहरात चालेल याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख होती, लातूर शहराची चार लाखांच्या घरात. प्रश्न त्यापलीकडच्या गावांचा आहे. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके, लातूर जिल्ह्यात १०. उदगीर तेवढे लाखाच्या वर गेलेले; देगलूर पन्नास हजारांच्या थोडे पुढे, आणि अहमदपूर, निलंगा, औसा, मुखेड, कंधार, किनवट ही गावे त्याहून लहान. साखळी दुकानांचे नियोजन करणारे लोक नकाशावर बोट ठेवतात तेव्हा ते बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी थांबते.

या गावांत दुकानांचा तुटवडा मुळीच नाही. बसस्थानकापासून नगरपालिकेपर्यंत चालत गेले तरी किराण्याच्या दुकानांची रांग संपत नाही. तुटवडा आहे तो सरळ पुरवठ्याचा. कंपनीचा माल जिल्ह्याच्या वितरकाकडे येतो, तिथून तालुक्याच्या उपवितरकाकडे, मग दुकानात. सुटा माल लातूरच्या गंजगोलाईतून किंवा नांदेडच्या मोंढ्यातून ठोक व्यापाऱ्यामार्फत उचलला जातो. प्रत्येक हाताला थोडे सुटते, वाहतूक दोनदा पडते, आणि माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत भाव छापील किमतीला टेकलेला असतो. सुट्या मालाला छापील किंमत नसते, त्यामुळे तूरडाळीचा भाव गल्लीगणिक बदलतो. मात्र छोटी पाकिटे घेणारा गरीब गिऱ्हाईक नेहमीच जास्त मोजतो, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी अनेकदा मोठ्या बाटलीपेक्षा मापाला स्वस्त पडते. मोठ्या पॅकवर सवलत देण्याची शहरी युक्ती इथे किमान शाम्पूपुरती तरी वाया जाते.

अशा गावात सवलतीचे दुकान काढण्याचा प्रस्ताव मांडताना पहिली पाहणी करायची ती लोक काय विकत घेत नाहीत याची. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी स्वतःची असते. तूर गावातच भरडून डाळ करून घेतलेली असते. म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी आणि काही प्रमाणात डाळ या खरेदीतून मोठा वर्ग वजा होतो. उरते काय, तर गोडेतेल, साखर, चहापत्ती, पोहे, रवा, खोबरे, मसाले, साबण, धुण्याची पावडर, बिस्किटे. तेल त्यात सर्वांत वरचे. ज्या पट्ट्यात सोयाबीनशिवाय खरिपाचे पान हलत नाही, तिथला शेतकरी सोयाबीन मोंढ्यात घालतो आणि त्याच पैशातून तेलाचा डबा घेऊन घरी जातो. मुरमुऱ्यांचेही विसरू नये. मुरमुऱ्यांचा सुशीला जिथे सकाळचा नाश्ता आहे तिथे मुरमुऱ्याच्या पोत्याला शहरी दुकानातल्या कॉर्नफ्लेक्सच्या फळीइतकी जागा द्यावी लागते, बहुधा जास्तच.

दिवाळीच्या खरेदीचे वेगळे. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीला शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, पामतेल एक लिटर. अशा संचाशी किमतीत स्पर्धा करणे कोणत्याही दुकानाला शक्य नाही. फराळाचा उरलेला भाग, म्हणजे पोहे, डाळवे, सुके खोबरे, वेलची, बेसन, तूप, हेच दुकानाचे खरे क्षेत्र.

दुसरी पाहणी पैशाच्या वाहण्याची. शहरातला पगारदार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सौदा भरतो. तालुक्यात शिक्षक, तलाठी, बँकेतले आणि एसटीतले कर्मचारी तसेच करतात, पण गावातला मोठा पैसा सुगीला येतो: सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर आणि हरभरा जानेवारी ते मार्चमध्ये, ऊस असेल तर कारखान्याच्या हप्त्यांप्रमाणे. मधले महिने वहीवर निघतात. तालुक्याच्या किराणा दुकानदाराची ताकद त्याच्या मालात नसून त्या वहीत आहे. तो गिऱ्हाइकाचे शेत ओळखतो, पेरा किती झाला ते जाणतो, आणि त्यावर उधारी ठरवतो. हे काम बँकेला आजवर नीट जमलेले नाही. दुकानदाराला जमते, कारण वसुलीसाठी तो रोज नजरेसमोर असतो. सवलतीचे दुकान नगदीवरच चालते. पुरवठादाराला आठवड्यात पैसे द्यायचे आणि गिऱ्हाइकाकडून चार महिन्यांनी घ्यायचे, असे केले तर सवलत देण्याचे साधनच उरत नाही. तेव्हा प्रस्तावाने आधीच मान्य करावे की गावातली सगळी कुटुंबे या दुकानाची गिऱ्हाईक होणार नाहीत.

किती व्हावी लागतील, हे आकड्यांत पाहता येते. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष गावागणिक ते बदलतील. समजा दुकान पाच हजार चौरस फुटांचे आहे आणि महिन्याची विक्री ७५ लाख. ढोबळ नफा १२ टक्के, म्हणजे ९ लाख. तेल आणि साखरेवर दोन-चार टक्केच सुटतात, साबण-बिस्किटांवर आठ-दहा, आणि सुटा मसाला, सुकामेवा, प्लास्टिकची भांडी, स्टील यांवर वीसच्या पुढे. यांची गोळाबेरीज बारा. स्थिर खर्चात भाडे चौरस फुटाला १५ रुपयांनी ७५ हजार, सोळा माणसांचे पगार २ लाख १० हजार, वीज ६० हजार, इतर ६० हजार: एकूण ४ लाख ५ हजार. वाहतूक आणि नासधूस-चोरी मिळून विक्रीच्या अडीच टक्के. महिन्याअखेर तीन लाखांच्या थोडे वर उरतात. हाच हिशेब उलटा केला तर साडेबेचाळीस लाखांच्या विक्रीला दुकान ना नफा ना तोटा अशा जागी येते. एका कुटुंबाने महिन्याला अडीच हजारांचा सौदा इथून घेतला तर ७५ लाखांसाठी तीन हजार कुटुंबे लागतात.

पन्नास हजार वस्तीच्या गावात दहा-अकरा हजार कुटुंबे असतात. त्यांतली तीन हजार मिळवणे अवघड, पण आवाक्यातले. आता तेच दुकान पंधरा हजार चौरस फुटांचे काढून पाहावे. स्थिर खर्च तिप्पट झाला तर बरोबरीलाच महिन्याला सव्वा कोटीहून अधिक विक्री, म्हणजे पाच हजारांवर कुटुंबे, जवळपास निम्मे गाव. डी-मार्टच्या आकाराचे दुकान तालुक्याला का परवडत नाही त्याचे उत्तर एवढेच आहे. झगमगाटाला भुलून मोठी जागा घेतली की पुढची सगळी हुशारी भाड्यात जाते.

लहान दुकानाचा दुसरा फायदा वाईट वर्षी दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या पावसाळ्यात उलट अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके गेली. अशा वर्षी विक्री एक-तृतीयांशाने खाली येईल असे धरून चालावे. वरच्या हिशेबात ती ५० लाखांवर आली तरी महिन्याला सत्तर हजार उरतात. मालक त्यात खूष होणार नाही, पण कुलूपही लागणार नाही.

गाव निवडताना लोकसंख्येइतकाच रस्ता मोलाचा. अहमदपूर हे लातूर आणि नांदेड यांच्या साधारण मध्यावर, तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्गावर (क्रमांक ३६१) आहे. जवळच्या शिरूर ताजबंदहून उदगीर आणि मुखेडकडे रस्ते फुटतात. दोन्ही शहरांतून निघालेली गाडी इथे माल उतरवून त्याच दिवशी परत जाऊ शकते. देगलूर अकोला-नांदेड-संगारेड्डी मार्गावर (क्रमांक १६१) आहे आणि तेलंगणाची सीमा लागून, त्यामुळे हैदराबादच्या बाजूनेही खरेदीची वाट खुली. किनवटची गोष्ट निराळी: डोंगराळ मुलूख, नांदेडपासून लांब. गरज तिथे सर्वांत जास्त, पण पहिले दुकान तिथे काढू नये. अहमदपूर आणि देगलूरची गाडी रुळली की मगच किनवट.

खरेदीच्या बाबतीत हा प्रदेश भाग्यवान आहे. तूरडाळ लातूरच्या गिरण्यांतून थेट, मिरची धर्माबादहून, हळद शेजारच्या वसमत-हिंगोलीतून. इथे कराचा एक बारकावा उपयोगी पडतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या डाळी-धान्यावर ५ टक्के वस्तू-सेवा कर लागतो. गिऱ्हाइकासमोर मोजून दिलेल्या सुट्या मालावर लागत नाही. शहरी सुपरमार्केट डाळ पाकिटात घालून मांडते. तालुक्याच्या दुकानाने ती झाकणाच्या पेट्यांत ठेवून तराजूवर मोजून द्यावी. गिऱ्हाइकाला डाळ हातात घेऊन पाहायची सवय असतेच. साठ्याचा मोह मात्र आवरावा. जून २०२३ मध्ये केंद्राने तूर आणि उडदावर साठामर्यादा घातली तेव्हा किरकोळ दुकानाला ५ टनांची मुभा होती. भाव वाढेल म्हणून सुगीत वर्षाची डाळ भरून ठेवणे हा अडत्याचा धंदा झाला. सवलतीच्या दुकानाचा माल वीस दिवसांत फिरला पाहिजे. वरच्या हिशेबात वीस दिवसांचा साठा ४४ लाखांचा होतो, आणि फळ्या, तराजू, संगणक, शीतकपाटे यांवर आणखी ५० लाख धरले तरी भांडवल कोटीच्या आत राहते.

खेड्यातले गिऱ्हाईक कसे जोडायचे, याला महाराष्ट्रात चांगले दाखले आहेत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट केले. गटाने महिन्याची यादी द्यायची, संस्थेने ठोकात खरेदी करून माल गटाच्या दारी पोचवायचा. दुकान नाही, फळ्या नाहीत, त्यामुळे खर्चही नाही. वारणानगरचा वारणा बाजार १९७८ पासून साखर कारखाना आणि दूधसंघाच्या सभासदांच्या पायावर ग्रामीण भागात उभा आहे. नांदेड-लातूरच्या खेड्यांत महिला बचत गटांचे जाळे तयार आहे. गटाच्या अध्यक्षा ताईंनी यादी पाठवली की आठवडी बाजाराच्या दिवशी सौदा बांधून ठेवता येतो, किंवा पंचवीस-तीस याद्या जमल्या की टेम्पो गावात जातो. गटाचे अंतर्गत कर्ज सौद्यासाठी वापरले गेले तर उधारीचा भार दुकानावर न येता गटात राहतो, आणि तिथे वसुली अधिक भरवशाची असते. दिवाळीसाठी दरमहा थोडी रक्कम जमा करण्याची योजनाही चालते, फक्त कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे अशी आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली पाहिजे. नाहीतर ती ठेव ठरते.

फसलेल्या प्रयोगांचीही नोंद हवी. चेन्नईत १९९७ मध्ये निघालेल्या सुभिक्षाने सोळाशेवर दुकाने उघडली आणि २००९ मध्ये ती बंद पडली. सवलतीची कल्पना चुकली नव्हती, कर्जावरचा वेग नडला. डीसीएम श्रीरामचा हरियाली किसान बाजार खते-बियाणे आणि किराणा एका छताखाली विकत होता. तोही पुढे गुंडाळला गेला. खताचे गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येते आणि सल्ला मागते, साखरेचे गिऱ्हाईक दर आठवड्याला येते आणि घाईत असते. दोघांसाठी नोकर वेगळे, साठा वेगळा, उधारीची अपेक्षाही वेगळी. तालुक्याच्या दुकानाने बियाण्याच्या वाटेला जाऊ नये.

राहिला आधीच्या किराणा दुकानदारांचा प्रश्न. गावच्या बाजारपेठेतल्या दुकानांना झळ लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. विशेषतः नगदी गिऱ्हाइकांवर जगणाऱ्यांना. खेड्यातल्या लहान दुकानदाराला मात्र उपवितरकापेक्षा इथे माल स्वस्त मिळू शकतो. दुपारी एक ते चार या सुस्त वेळात गोणी आणि खोक्याने ठोक विक्री ठेवली तर तो गिऱ्हाईक होतो, आणि त्याची वही त्याच्याच जोखमीवर चालू राहते.

कागदपत्रे फारशी अवघड नाहीत: अन्नसुरक्षा परवाना, वजनमापांची पडताळणी, वस्तू-सेवा कराची नोंदणी, नगरपालिकेची परवानगी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यामुळे दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते, कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली की झाले. खरी काळजी भाडेकरारात घ्यावी. मुदत किमान नऊ वर्षांची असावी, वाढ आधीच ठरलेली असावी, आणि पहिल्या तीन वर्षांनंतर दुकानदाराला जागा सोडण्याची मुभा असावी, जागामालकाला सोडवून घेण्याची नसावी. दोन खरीप आणि दोन दिवाळ्या पाहिल्यावर विक्री साडेबेचाळीस लाखांच्या खालीच राहिली तर तीन वर्षे पूर्ण होताच त्या कलमाचा उपयोग करावा आणि फळ्या, तराजू उचलून पुढच्या तालुक्यात न्यावेत.