सात वाजता भोंगा वाजला आणि...

कराडहून विट्याच्या दिशेने निघालेली एसटी कडेगाव तालुक्यात शिरली की दोन्ही बाजूंना उसाचे फड दिसू लागतात. एके काळी हा सारा मुलूख दुष्काळी म्हणून ओळखला जाई. ताकारी उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी इकडे आणले आणि सोनहिरा खोऱ्याचे रूपच पालटले. सांगली जिल्ह्याच्या या खोऱ्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३ हजार वस्तीचे गाव आहे. इतर चार गावांसारखेच हे गाव, पण २०२२ साली त्याचे नाव देशभर गाजले ते एका भोंग्यामुळे.

परिसर तसा पाहण्यासारखा आहे. जवळच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. पलीकडे कुंडल, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र. मधल्या डोंगरावर सागरेश्वर अभयारण्य. हे जंगल आपोआप वाढलेले नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने लोकांनी उजाड डोंगर हिरवा केला आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज तेथे चितळ, सांबर आणि काळवीट पाहायला मिळतात. दहाजणांनी मिळून एखादी गोष्ट मनावर घ्यायची, हा या मातीचा जुना गुण आहे.

भोंग्याची गोष्ट

करोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली. टाळेबंदी उठली, शाळा पुन्हा भरू लागली, पण मोबाइल काही मुलांच्या हातून सुटेना. वाचायचा कंटाळा, लिहायचा कंटाळा, हे शिक्षकांच्या लक्षात आले. घरी वेगळी अभ्यासाची खोली नाही. मुले पुस्तक उघडून बसली, तरी शेजारी दूरदर्शन संच चालू आणि वडीलधाऱ्यांच्या हातात मोबाइल!

१४ ऑगस्ट २०२२ रोजी गावात महिलांची ग्रामसभा भरली आणि भोंगा घ्यायचे ठरले. रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरून तो वाजू लागला. त्यानंतर साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. त्या दीड तासात वाचन, अभ्यास, नाही तर घरच्यांशी गप्पा. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा काही पुरुषमंडळींना हसू आले होते. पण आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावत राहिले आणि गाव हळूहळू तयार झाले.

हे लोण पुढे इतर गावांतही पोहोचले. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा या गावानेही सात ते नऊ अशी वेळ ठरवून भोंगा वाजवायला सुरुवात केली.

कॉलेजच्या मुलांचे काय?

शाळकरी मुलांना आईबाप दटावू शकतात. बारावीनंतर पुण्याला किंवा सांगलीला शिकायला गेलेल्या मुलाचे काय? वसतिगृहाच्या खोलीत कसला भोंगा? रात्री अकराला 'पाच मिनिटे' म्हणून हातात घेतलेला मोबाइल दीड वाजता खाली ठेवला जातो. सकाळचा तास बुडतो, डोळे चुरचुरतात. कुणाची सहल, कुणाची नोकरी, कुणाचे नवे कपडे पाहून 'आपणच मागे पडलो' ही बोच मनाला लागते. घरी फोनवर मात्र उत्तर एकच, "बरं चाललंय."

यात सारा दोष मुलांचा नाही. पूर्वी संगणकावरचे पान संपत असे, तिथे माणूस थांबत असे. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची रचना केली. २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चे बटण आले. २०१६ पासून भारतात इंटरनेट स्वस्त झाले. थांबायची जागा गेली, खर्चाचा धाकही गेला.

मात्र मोबाइल पाहणारे प्रत्येक मूल आजारी असते असे नाही. पुष्कळदा आधीच एकटे पडलेले मूल मोबाइलचा आधार घेते आणि त्यातच आणखी एकटे होते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने अशांसाठी २०१४ मध्येच खास उपचार केंद्र सुरू केले. झोप उडणे, अभ्यास सुटणे, मित्र टाळणे, मोबाइल काढून घेताच संताप होणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे दिसली, तर रागावण्याऐवजी सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

सगळे मिळून

वडगावचा धडा इथेच उपयोगी पडतो. एकट्याने मोबाइल ठेवला, तर मन सारखे तिकडेच ओढ घेते, कारण बाकीचे सारे तिथे असतात. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला, तर चुकण्यासारखे काही उरतच नाही. खोलीतल्या चार मित्रांनी जेवणाच्या वेळी चारही मोबाइल कपाटात ठेवले, तर भोंग्याचीही गरज नाही. मुलगा सुट्टीत घरी आला की आईवडिलांनी आधी आपला मोबाइल खाली ठेवावा. कदाचित त्याच दीड तासात 'बरं चाललंय'च्या मागचे खरे काय ते त्याच्या तोंडून बाहेर पडेल.

कसे जाल?

पुणे-मिरज लोहमार्गावर कराड, ताकारी आणि किर्लोस्करवाडी ही सोयीची स्थानके आहेत. पुढे एसटी किंवा खासगी वाहन घ्यावे. पावसाळ्यानंतर सागरेश्वरचा डोंगर हिरवागार असतो. कॉलेजात जाणारी मुले बरोबर असतील, तर देवराष्ट्रे, सागरेश्वर आणि वडगाव अशी एका दिवसाची सहल सहज होते. फोटो हवे तेवढे काढावेत, पण संध्याकाळी सात वाजले की मोबाइल पिशवीत टाकून मुलांशी बोलत बसावे.