पाटीवरचें रणांगण

गेल्या सुटींत बेंबळीस, घराच्या ओसरीवर, आम्ही नळदुर्गाचा वेढा लढलों, तोही फांशांनीं! गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याचीच ही देशी तऱ्हा. प्रत्येकानें एक वीर व्हावें, फांसा ठरवील त्या क्रमानें वार करावा, जखमेगणिक प्राणांक घटवावे. हिशेबाची पाटी आमच्याकडे होती. ऐन रंगांत धाकट्या गड्याची एकच जखम आम्हीं दोनदां मांडली. त्याचा वीर पडला व तो मुकाट्यानें उठून गेला. रात्रीं आंकडे जुळवितांना चूक उमगली. सकाळीं त्याच्या दारीं जाऊन क्षमा मागितली. तेव्हांपासून प्रत्येक आंकडा मोठ्यानें वाचून, सर्वांनीं होकार दिल्यावरच आम्ही पाटीवर लिहितों.