स्वप्नांतली धर्मशाळा

गेल्या चार-पांच महिन्यांत एकच स्वप्न मला तीनदां पडलें. दगडी जोत्याची एक जुनी धर्मशाळा. ओसरीवर जाड नोंदवही उघडून बसलेले व्यवस्थापक मान वर न करितां विचारतात, "मुक्काम किती दिवस?" मी बोटें मोजूं लागतों, हिशेब कांहीं जुळत नाहीं, मागें रांग वाढत जाते, आणि मला जाग येते.

स्वप्नांवर विश्वास ठेवण्याइतका मी भाविक नाहीं. परंतु तेंच स्वप्न पुनः पुनः पडूं लागलें, कीं शिकलासवरलेला मनुष्यहि पोथी उघडतो. आमच्या एका ज्योतिषी स्नेह्यांनीं प्रथम प्रहर विचारला. अग्निपुराणाप्रमाणें पहिल्या प्रहरींचें स्वप्न वर्षानें फळतें, तर अरुणोदयाचें दहा दिवसांत. माझें स्वप्न पहांटेचें; आणि दहा दिवस तर केव्हांच उलटले होते! "धर्मशाळा म्हणजे प्रवास," एवढें सांगून ते चहाकडे वळले.

मी पाश्चात्त्यांकडे वळलों. फ्रॉइडच्या मतें स्वप्नांतलें घर म्हणजे मनुष्याचा देह. युंगला १९०९ सालीं एका घराचें स्वप्न पडलें होतें: वर सजविलेला दिवाणखाना, खालीं रोमन काळचें तळघर, त्याहिखालीं गुहेंत दोन कवट्या. ते मनाचे थर होत, असा अर्थ त्यानें लाविला. घर हा देह, तर धर्मशाळा हा चार दिवसांचा देह, हें आपले कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तें खोटें नव्हे. पण मला तो दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा वाटला.

शेवटीं पत्नीला सांगितलें. ती निवडीत असलेल्या भाजीवरून नजर न काढतां म्हणाली, "जोतें कुठलें तें तुम्हांला ठाऊक, प्रश्न मात्र दादरचा आहे."

बारा वर्षांपूर्वी आईला उपचारासाठीं परळच्या टाटा रुग्णालयांत आणिलें, तेव्हां दादरला गाडगे महाराजांच्या नांवें चालणाऱ्या धर्मशाळेंत आम्हांला आसरा मिळाला होता. मुक्काम किती, असें विचारल्यावर मीं मोठ्या ठामपणें "आठ दिवस" म्हणून सांगितलें होतें. उपचार लांबले. नवव्या दिवशीं, रजा संपली असें सांगून मी गांवीं परतलों. पत्नी आईजवळ सात आठवडे राहिली. मध्यें तिला ताप आला, तेव्हां शेजारच्या खोलींतील खानदेशांतल्या एका बाईंनीं आपल्या रुग्णाचें पथ्य संभाळून आईलाहि पेज करून घातली. मी रविवारीं जाई, फळें ठेवी आणि रात्रींच्या गाडीनें परते. त्या बाईंचें नांवसुद्धां मीं विचारलें नाहीं. पुढें चातुर्मासांत आई गेली.

त्या दिवशीं पत्नीसमोर बसून मीं प्रथमच सांगितलें, "माझी रजा संपली नव्हती. बावीस दिवस शिल्लक होते. मला तें सारें पाहवत नव्हतें."

"ठाऊक होतें मला," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांनीं आईंची चौकशी करायला पत्र धाडलें होतें. त्यांत लिहिलें होतें, हवी तर आणखी रजा घ्या म्हणून."

बारा वर्षांत तिनें तें पत्र एकदांहि पुढें केलें नव्हतें!

चरकाचार्यांनीं स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतले पाहिलेलें, ऐकलेलें, अनुभवलेलें, इच्छिलेलें आणि कल्पिलेलें हे पांच निष्फळ मानले आहेत. माझें स्वप्न अनुभवलेल्यांपैकीं; त्यावरून पुढचें भविष्य कळावयाचें नाहीं हें मला मान्य आहे. परंतु मागची बाकी तें दाखवूं शकतें. आठ दिवसांच्या पाहुण्यासारखा मी केवळ धर्मशाळेंतच वागलों, कीं या घरांतहि, याचा विचार आतां करीत आहें.

खानदेशांतल्या त्या बाईंचा पत्ता पत्नीजवळ आहे. दर संक्रांतीला ती त्यांना तिळगूळ पाठविते, हेंहि मला त्याच दिवशीं कळलें. यंदाच्या पुडक्यांत माझें पत्र असेल.